निळा ब्लूटूथ ओबीडी डोंगल: चेक इंजिनची लाईट लागली की आधी हा लावून बघा

पुण्यात वॉरंटी संपलेली गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाने हा डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारी छोटी डबी, घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मला ऑनलाईन पाचशे-सहाशेच्या आसपास पडला, काडेपेटीएवढा आहे, स्टिअरिंगच्या खाली गुडघ्यापाशी जो १६ पिनांचा सॉकेट असतो त्यात बसतो आणि मोबाईलला ब्लूटूथने जोडला जातो, पासवर्ड १२३४. पुढचं सगळं काम अ‍ॅप करतं. मी टॉर्क आणि कार स्कॅनर दोन्ही वापरलेत, मला कार स्कॅनर जास्त आवडतं कारण त्यात आकडे नीट मांडलेले दिसतात.

कुठल्या गाड्यांना चालतं हे बरेच जण विचारतात. आपल्याकडे बीएस-४ (गाड्यांच्या प्रदूषणाचे नियम) एप्रिल २०१० ला पहिल्यांदा १३ शहरांत आलं, त्यात मुंबईबरोबर पुणं आणि सोलापूर पण होतं, आणि ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड साठवायची पद्धत) एप्रिल २०१३ पासून लागू झालं. त्यामुळे २०१३ नंतरची गाडी असेल तर बहुतेक काही अडचण येत नाही, त्याआधीच्या गाडीत सॉकेट असला तरी डोंगल बोलेलच असं नाही, लावूनच बघावं लागतं.

आता मुद्द्याचं. हा डोंगल आपल्याला कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही. कुठे बघायचं ते सांगतो. हा फरक कळला तर पाचशे रुपयांत हजारो वाचतात आणि नाही कळला तर आपणच गॅरेजला जाऊन "सेन्सर बदला" म्हणून मोकळे होतो.

माझ्या गाडीचंच सांगतो, पेट्रोल हॅचबॅक आहे, पावसाळ्यात सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली, पिकप गेला आणि लाईट लागली. एका सर्व्हिस सेंटरला दाखवली तर "सर मिसिंग करतेय, चारही कॉईल, प्लग आणि इंजेक्टर क्लिनिंग करून घेऊ" असं एस्टिमेट हातात (मिसिंग किंवा मिसफायर म्हणजे एखादा सिलेंडर नीट पेटत नाही, आणि कॉईल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट). मी घरी येऊन डोंगल लावला, कोड आला पी०३०१. यातला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा भाग, पुढचा ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखाच असलेला कोड (१ असला तर त्या कंपनीचा स्वतःचा), ३ म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर, आणि शेवटी ०१ म्हणजे एक नंबरचा सिलेंडर. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हे कळतं कसं, तर प्रत्येक सिलेंडर पेटला की क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो, ज्याच्या वेळी धक्का कमी पडला तो सिलेंडर पेटला नाही एवढं त्याला समजतं. का पेटला नाही ते नाही समजत! कॉईल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन पण असू शकतं.

मग आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो, म्हटलं दादा एक नंबरची कॉईल तीनला लावा आणि तीनची एकला. दहा मिनिटांचं काम. कोड क्लिअर केला, एक चक्कर मारली आणि लाईट परत लागली, पण यावेळी पी०३०३. म्हणजे फॉल्ट कॉईलबरोबर सरकला, कॉईलच गेलेली. नाना पेठेतून एक कॉईल आणली, बसवली, विषय संपला. बाकीच्या तीन कॉईल अजून व्यवस्थित चालू आहेत आणि इंजेक्टरला कोणी हात पण लावला नाही. कोड सरकला नसता तर असाच प्लग अदलाबदल करून बघितला असता, मग इंजेक्टर. पार्ट आधी विकत घ्यायचा नाही, जागा बदलून फॉल्ट कशाच्या मागे जातो ते बघायचं.

लाईट नुसती लागलेली नसून लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवत राहू नका, मिसफायर जोरात आहे असा त्याचा अर्थ, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा पार्ट) जाऊन तिथे जळतं आणि तो पार्ट कॉईलच्या कित्येक पट महाग आहे.

दुसरं जे मला कोडपेक्षा सुद्धा मोलाचं वाटतं ते लाईव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणारे आकडे. आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीला पी०१७१ येत होता, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यांना ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला सांगितलेलं. आम्ही अ‍ॅपमधे लाँग टर्म फ्युएल ट्रिम उघडला, ईसीएम स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतंय किंवा कमी करतंय त्याचा हा आकडा, साधारण पाच-सात टक्के इकडेतिकडे असला तर ठीक. काकांच्या गाडीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) १८ टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला रेस केली की आकडा बराच खाली. हे बघितलं की जाणकार माणूस लगेच सांगतो, कुठूनतरी जास्तीची हवा खेचली जातेय, कारण आयडलला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि तेव्हाच गळतीचा वाटा सगळ्यात मोठा असतो, रेस केली की मुळात हवाच इतकी जाते की गळती त्यात झाकली जाते. इनटेकजवळचा एक रबरी पाईप मागच्या बाजूने तडकलेला निघाला. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर हा आकडा पेट्रोलवर आणि सीएनजीवर वेगवेगळा बघा, बऱ्याचदा ट्युनिंग फक्त गॅसवर बिघडलेलं असतं आणि शिव्या पेट्रोलच्या सेन्सरला बसतात.

फ्रीझ फ्रेम पण जरूर बघा, फॉल्ट पकडला त्या क्षणी स्पीड, आरपीएम, कूलंटचं तापमान काय होतं ते त्यात साठवलेलं असतं. कात्रजच्या चढावर, इंजिन तापलेलं असताना आलेला फॉल्ट आणि सकाळी सोसायटीत थंड गाडी चालू करताना आलेला फॉल्ट यांचं कारण वेगळं असतं. म्हणूनच कोड उगाच क्लिअर करू नका, ती माहिती पण त्याबरोबर पुसली जाते. आधी स्क्रीनशॉट, मग मेकॅनिकला दाखवा, मगच क्लिअर.

आता तक्रारी. डोंगलची क्वालिटी नशिबावर आहे. यात जी ईएलएम३२७ चिप म्हणतात ती मूळ कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, ती कंपनी २०२२ मधे बंद झाली, बाजारात स्वस्तात मिळतात ते सगळे क्लोन, म्हणजे नकला. डब्यावर २.१ लिहिलंय म्हणजे भारी असं अजिबात नाही, त्यातले बरेच कमी कमांड समजतात आणि जुन्या प्रोटोकॉलच्या गाडीला जोडले जात नाहीत, परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जी लिहिलेला घ्या. एबीएस आणि एअरबॅगचे कोड याने सहसा वाचता येत नाहीत, आणि डिझेल बीएस-६ गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जबरदस्तीने साफ करणं वगैरे कामाला गॅरेजमधला मोठा स्कॅनरच लागतो, तिथे पैसे द्यावेत. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा, सॉकेटच्या १६ नंबर पिनला गाडी बंद असताना पण बॅटरीचा करंट असतो, सोसायटीत आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. शिवाय १२३४ पासवर्ड जगाला माहिती आहे.

एक उपयोग फार कमी लोकांना माहितीये, सेकंडहँड गाडी बघताना. लाईट लागलेली गाडी विकायची असेल तर काही जण कोड क्लिअर करून दाखवतात, मीटरवर सगळं स्वच्छ. पण क्लिअर केलं की रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्यांची नोंद) पण शून्यावर येतात आणि वेगवेगळ्या स्पीडला, थंड-गरम अशी गाडी चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. अ‍ॅपमधे मॉनिटर अपूर्ण दिसले आणि "कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर" दहा-वीस किलोमीटर दिसलं तर मालकाला सरळ विचारा बॅटरी काढली होती का. नाही म्हणाला तर टोकन देऊ नका, तीन-चार दिवस गाडी वापरा आणि मग परत दाखवा म्हणावं. माझ्या भावाने असंच सांगितलं होतं, त्या माणसाचा परत फोनच आला नाही.