ठासणीची रायफल: स्वस्तातली आणि महागडी, शेजारी शेजारी

दोन्ही इनलाइन (ठिणगी नळीच्या सरळ मागून पडते), दोन्ही .50 कॅलिबरच्या (नळीचा व्यास अर्धा इंच), दोन्हींच्या आट्यांचा (नळीच्या आतल्या वळणदार खाचांचा) फेरा 28 इंचांत एक, दोन्हींना 209 प्रायमर (दारू पेटवणारी टोपी). पण महागडीच्या पैशात स्वस्तातल्या तीन येतील.

आधी नेमाचं. दुर्बीण तीच, दारूचं माप तेच, सॅबोतली (प्लास्टिकच्या वाटीतली) गोळीही तीच. टेकू देऊन शंभर यार्डांवर महागडीचे तीन बार साधारण दीड इंचात बसतात, स्वस्तातलीचे दोन-सव्वादोन इंचांत. नळीला दोष देण्याआधी चाप पाहा. स्वस्तातलीचा चाप जड आहे, खरखरत मागे येतो आणि बार उडेपर्यंत नेम हललेला असतो. माझ्या मते निम्मा फरक तिथलाच.

नळी पुसली नाही तर मात्र दोघींची पत सारखीच. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो; काही धुराबरोबर जातो, बाकीचा आट्यांत. म्हणून प्रत्येक बारानंतर एक ओलसर पॅच (कापडाचा तुकडा) आणि मागोमाग एक कोरडा. ठासायच्या गजावर खूण करून ठेवा, म्हणजे गोळी दारूवर टेकली की नाही ते कळतं. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. तिथे किमतीचा काही संबंध नाही.

आता सफाई, आणि जादा पैसे मोजायचे तर ते इथेच. महागडीचा ब्रीच प्लग (नळीचं मागचं तोंड बंद करणारं बूच) हाताने फिरवला की बाहेर. स्वस्तातलीला पाना लागतो, आणि प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारं) ग्रीस लावायचं राहिलं तर पानाही हात टेकतो. प्लग निघाल्यावर काम एकच: नळीचं टोक साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचं आणि मागून पॅच खालीवर करायचा. पाणी आधी काजळासारखं येतं, मग तपकिरी, मग स्वच्छ. नंतर कोरडं करून तेल. काळ्या दारूऐवजी पायरोडेक्स ही पर्यायी दारू वापरत असाल तर उद्यावर टाकू नका. त्यातल्या पर्क्लोरेटचं जळून क्लोराइड होतं आणि ते हवेतला ओलावा ओढून गंज धरवतं. स्टेनलेस नळीही त्यातून सुटत नाही. ब्लॅकहॉर्न 209 या दुसऱ्या पर्यायी दारूला पाणी उपयोगाचं नाही, त्याला सॉल्व्हंटच हवं. दुसऱ्या दिवशी एक पांढरा पॅच फिरवून बघा. लालसर आला तर पुन्हा सगळं.

महागडीचंही एक खटकलं. दस्त्यावरचा रबरी थर तेल लागलं की चिकट होतो, आणि सफाईच्या दिवशी तेल लागतंच.

दर आठवड्याला बार काढणाऱ्याने महागडी घ्यावी, कंटाळा करून सफाई टळणार नाही. क्वचित वापरणाऱ्याला स्वस्तातली पुरे. वाचलेल्या पैशांत जाणत्या कारागिराकडून चाप नीट करून घ्यावा. फक्त सोबत येणारा पातळ पत्र्याचा पाना वापरू नका, तो प्लगच्या कडा खातो. जाड सॉकेट घ्या.