ठाण्याच्या नौपाड्यातलं युरॉलॉजी क्लिनिक: बाबांचं स्ट्रिक्चरचं ऑपरेशन, आणि त्याआधीचं ते स्टेम सेल पॅकेज

५ पैकी ५ देतेय. वेटिंगचा त्रास धरूनही ५ च.

थोडं मोठं लिहिणार आहे कारण या विषयावर कोणी उघड बोलत नाही, आमच्याही घरात दीड वर्ष कोणी बोललं नाही. बाबा ६३ चे. बायपासच्या वेळी लघवीला नळी घातली होती, ती निघाल्यावर सहा-आठ महिन्यांनी धार बारीक होत गेली आणि बाबा बाथरूममध्ये वीस-वीस मिनिटं नळ सोडून उभे राहायचे, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. आई म्हणायची प्रोस्टेट असेल, वयाचं असतं. मी मुलगी, मला ते काय सांगणार. शेवटी एकदा लघवी पूर्ण अडली, रात्री अडीचला रिक्षाने नेलं तेव्हा कळलं की स्ट्रिक्चर आहे, म्हणजे मूत्रमार्गाला आतून व्रण धरतो आणि तो मार्ग आवळत जातो. त्या हॉस्पिटलात दोनदा दुर्बिणीतून कापलं, दोन्ही वेळा चार-पाच महिन्यांत परत तेच. कापलेल्या जागी पुन्हा व्रण धरू शकतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग नात्यातल्या एकांनी वाशीच्या एका स्टेम सेल सेंटरचा व्हिडिओ पाठवला (स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी). ठाणे-वाशी लोकलने निघालो, बाबांना लघवीसाठी मध्येच कोपरखैरण्याला उतरावं लागलं, बाथरूममधून येऊन ते प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर दहा मिनिटं डोळे मिटून बसले होते, तो चेहरा मी विसरणार नाही. सेंटरवर आधी काउन्सेलर, डॉक्टर नंतर. पोटाची चरबी काढणार, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करणार, आवळलेल्या जागी टोचणार, चार सिटिंग, मूत्रमार्ग आतून नवा होणार, पॅकेज पावणेचार लाख. एक्स-रे बघायलाही मागितला नाही. बाबांनी तिथल्या तिथे २५ हजार बुकिंग भरले कारण परत कापून घ्यायची त्यांची हिंमतच राहिली नव्हती. ते पैसे आजपर्यंत परत आलेले नाहीत, पावतीवर खाली बारीक अक्षरात नॉन-रिफंडेबल लिहिलेलं.

ऑफिसमधल्या एका ताईंनी सांगितलं म्हणून बाकीचे पैसे भरायच्या आधी इथे नौपाड्यात दाखवलं. आल्या आल्या युरोफ्लो टेस्ट. एका मोठ्या नरसाळ्यात लघवी करायची, खालचं मशीन दर सेकंदाला किती मिली पडतेय ते मोजतं. बाबांचा आलेख कागदावर आला तो डोंगरासारखा वर जाऊन खाली आलाच नाही, टेबलासारखा सपाट, ५ च्या वर नाही आणि दीड मिनिट चालू. डॉक्टरांनी त्यावर बोट फिरवून दाखवलं, काका, १५ च्या वर असेल तर साधारण ठीक म्हणतो आपण, आणि हा असा सपाट आलेख स्ट्रिक्चरचा असतो. मग मूत्रमार्गात डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून एक्स-रे काढला, जागा कळली, लांबी कळली, ४ सेंटिमीटर.

मी वाशीचं ब्रोशर टेबलावर ठेवलं. मला वाटलं बाजूला सारतील, पण त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि बाहेर पेशंट ताटकळत असताना आम्हाला वीस मिनिटं दिली, हे रेटिंग मुख्यतः त्या वीस मिनिटांचं आहे. म्हणाले, यातलं संशोधन खरं आहे, आधी ते समजून घ्या. अमेरिकेत डॉ. अँथनी अटाला यांच्या टीमने ७ मुलांच्या मूत्राशयाचा छोटा तुकडा घेतला, त्यातल्या अस्तराच्या आणि स्नायूच्या पेशी लॅबमध्ये वेगवेगळ्या वाढवल्या, विरघळणाऱ्या साच्यावर लावल्या आणि सातेक आठवड्यांनी तो साचा त्या मुलांच्या मूत्राशयाला शिवला, २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जन्मतः मणक्यात दोष असलेली मुलं होती ती, मूत्राशय कडक झालेलं. नंतर मेक्सिकोत ५ मुलग्यांना असाच त्यांच्याच पेशींचा मूत्रमार्ग बसवला, तो सहा वर्षांपर्यंत चालल्याचं २०११ मध्ये आलं. पण या पेशी त्या त्या मुलाच्याच मूत्राशयाच्या, लॅबमध्ये वाढवून साच्यावर बसवलेल्या. चरबी काढून सुईने टोचण्याचा आणि याचा काही संबंध नाही.

बाबांनी विचारलं, मग आता सगळीकडे का नाही करत. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. काका, दारात मांडव घालून दुधीचा वेल चढवता ना, तसा हा साचा म्हणजे मांडव, पेशी म्हणजे वेल, वेल धरला की मांडव विरघळून गेला पाहिजे, पण मुळाशी पाणीच नसेल तर वेल सुकणार. इथे पाणी म्हणजे रक्त. जिवंत पेशीला रक्तवाहिनी एक-दोन केसांच्या जाडीइतक्या अंतरावर लागते, आणि नवीन लावलेल्या तुकड्यात सुरुवातीला रक्तवाहिन्या नसतातच. वर आतून लघवी लागणार, म्हणजे अस्तर नीट धरलं नाही तर परत व्रण. पेशी न लावता नुसता नळीसारखा साचा सशांना बसवून बघितला तर फक्त अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतच नीट भरून आला, त्यापुढे आवळला. मूत्राशयाचीही पुढे १० मुलांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला, मूत्राशय सुधारलं नाही आणि गंभीर त्रासही झाले. हे सगळं ऐकताना बाबा पहिल्यांदा नीट मान वर करून बसले होते.

आणि नियम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताशी निगडित ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे पेशंटवरच्या संशोधन चाचणीतच वापरता येतात, त्या ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद लागते आणि भाग घेणाऱ्या पेशंटकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. मी घरी येऊन त्या सेंटरला फोन लावला आणि सीटीआरआय नंबर मागितला. मॅडम आमची थेरपी वेगळी आहे, एवढंच उत्तर. तुम्हालाही कोणी असं पॅकेज दिलं तर पैसे भरायच्या आधी हा नंबर मागा, फोनवरच मागा.

आता ऑपरेशन. आतला गाल घेऊन मूत्रमार्गाला ठिगळ लावतात. ऐकायला विचित्र, पण गालाचं आतलं अस्तर कायम ओलं राहायला सरावलेलं असतं म्हणून ते तिथे टिकतं, आणि लांबलचक स्ट्रिक्चरसाठी पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींच्या नावाची पद्धत जगभर वापरतात. आमचं प्रकरण गालापाशी अडलं. बाबांनी ३५ वर्षं तंबाखू-चुना मळून उजव्या गालात धरला. डॉक्टरांनी टॉर्च मारला, तीन बोटं उभी तोंडात जातात का बघितलं, उजवा गाल आतून पांढरा आणि चिवट, डावा मऊ होता म्हणून वाचलो. गुटख्याने ज्यांचं तोंडच उघडत नाही त्यांच्यासाठी, डॉक्टर म्हणाले, ही लॅबवाली गोष्ट खरी कामाची ठरेल, कारण तोंडातला छोटासा तुकडा घेऊन लॅबमध्ये मोठा पापुद्रा वाढवता येतो, जर्मनीत असे पापुद्रे लावून ऑपरेशनं झालेली आहेत. बाबांनी त्या दिवशी खिशातली पुडी क्लिनिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, मी काही बोलले नव्हते.

तीन तास लागले. तिसऱ्या दिवशी घरी, नळी तीन आठवडे, ती काढायच्या आधी डायचा एक्स-रे काढून कुठे गळत नाही ना बघितलं. खालच्या टाक्यांपेक्षा गालच दुखला म्हणायचे, आठवडाभर मऊ भात आणि गार दूध, मामलेदारची मिसळ दीड महिन्याने. कॅशलेस झालं, वरून साडेअकरा हजार भरले, त्याचा एकेक कागद मागितल्यावर मिळाला.

तक्रारी दोन. पाचची अपॉइंटमेंट सव्वासातला आत जाते आणि खुर्च्या आठच आहेत, लघवीचे पेशंट इतका वेळ कसे बसणार. दुसरी जास्त महत्त्वाची, रिसेप्शनवरून सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतात, काका लघवी भरली का. बाबा तेव्हा भिंतीकडे बघायला लागले. एवढ्या चांगल्या ठिकाणी हे नको, जवळ येऊन हळू विचारा. डॉक्टरांच्या कानावर घातलंय.

जाताना जुने एक्स-रे आणि आधीच्या ऑपरेशनचे कागद नक्की न्या, आणि पाणी घरूनच पिऊन निघा म्हणजे युरोफ्लोसाठी तासभर थांबावं लागत नाही.

तीन महिन्यांनी परत ती टेस्ट झाली, १९ आले. बाबांनी तो कागद मागून घेतला आणि घरी आल्यावर आईला आलेख दाखवला, हा बघ डोंगर. आता बाथरूमचा नळ बंद असतो. स्ट्रिक्चर परत येऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय म्हणून पुढचं चेकअप दिवाळीनंतर आहे, तेव्हा काही वेगळं निघालं तर तेही लिहीन.