बायपास हवा की नको, आधी सुमोवर चालवून बघा

सुमो हे जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेचं ट्रॅफिक सिम्युलेशन (म्हणजे कॉम्प्युटरवर रहदारीची नक्कल करणारं) सॉफ्टवेअर, 2001 पासून आहे आणि चक्क फुकट. छोट्या शहरात बायपासवरून वाद चालू असेल तर खरंच वापरा. ओपनस्ट्रीटमॅप या फुकट ऑनलाइन नकाशावरून रस्ते घ्यायचे, शहराबाहेरून एक बायपास काढायचा, रन करायचं, की स्क्रीनवर एकेक ट्रक वेगळा दिसतो, मेन रोडच्या सिग्नलला कोण अडकलंय, बाहेरून कोण सुटलं ते सगळं. फक्त गाड्या कुठून कुठे जातात हा डेटा आपल्यालाच द्यावा लागतो आणि खरी गोम तिथेच आहे, कारण बहुतेक गाड्या शहरातच थांबणाऱ्या असतील तर बायपास बांधूनही मधली गर्दी फारशी हटत नाही. दुकानदारांचा धंदा किती बसेल ते मात्र यात कळत नाही, ते त्यांनाच विचारा.