वाशीतला एटिसचा वर्ग: कान तयार होतो, बोलणं राहून जातं

वाशी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर पायलटांच्या इंग्रजी परीक्षेसाठी चार रविवारांचा एक वर्ग चालतो. शिकवतात एकच गोष्ट: एटिस ऐकणं. विमानतळाचं हवामान आणि वापरातली धावपट्टी सांगणारं, सतत फिरत राहणारं ते रेकॉर्डिंग. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने थेट येता येतं, त्यामुळे तिकडच्या मुलांनाही सोयीचं.

‘आकडेच तर लिहायचे’ म्हणून हा भाग बरेच जण हलक्यात घेतात. पण आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) सहा निकषांत आकलन हा एक निकष आहे आणि सहांपैकी सर्वांत खालची जी श्रेणी, तीच अंतिम धरली जाते. उच्चार, व्याकरण पाचवर आणि आकलन तीनवर असेल तर हाती तीनच येते. लागते किमान चार.

पहिल्या रविवारी इथे काहीच ऐकवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आधी क्रम घोटून घेतात: माहितीचं अक्षर (रेकॉर्डिंग कुठलं ते ओळखायचं), वेळ, धावपट्टी, वारा, दृश्यमानता, पाऊस-धुकं, ढग, तापमान, दवबिंदू, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब). पुढे काय येणार हे ठाऊक असलं की कान त्याचीच वाट पाहतो. कागदही त्याच क्रमाने आखून घेतात.

वर्गातली सगळ्यात उपयोगी सूचना मराठी मुलांसाठीच आहे. आपण ‘सत्तावीस’ म्हणतो तेव्हा सात आधी येतो आणि वीस नंतर. ‘टू सेवन’ ऐकून मनात सत्तावीस केलं की घाईत हात ७२ लिहून जातो. म्हणून आकड्याची संख्या करायचीच नाही. जो अंक कानावर पडला तो तसाच कागदावर. तीनला ट्री, पाचला फाइफ, नऊला नायनर म्हणतात, तेही ऐकताना गफलत होऊ नये म्हणूनच.

सरावाचा एक नमुना असा: ‘इन्फॉर्मेशन किलो, टाइम झिरो फोर ट्री झिरो, रनवे इन यूज टू सेवन, विंड टू फाइफ झिरो डिग्रीज वन टू नॉट्स, व्हिजिबिलिटी ट्री थाउजंड मीटर्स, लाइट रेन, स्कॅटर्ड वन थाउजंड फीट, ब्रोकन टू थाउजंड फाइफ हंड्रेड फीट, टेम्परेचर टू सेवन, ड्यू पॉइंट टू फाइफ, क्यूएनएच वन झिरो झिरो फोर.’ ‘किलो’ म्हणजे के हे अक्षर. वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, म्हणजे आपले सकाळचे दहा.

मुलं घसरतात ती ढगांपाशी. एकामागोमाग दोन थर येतात, विखुरलेल्या ढगांचा ‘स्कॅटर्ड’ आणि बहुतेक आकाश झाकणारा ‘ब्रोकन’. ‘स्कॅटर्ड’ पूर्ण लिहीपर्यंत ब्रोकन निघून जातो, त्याच्या मागे धावताना तापमान सुटतं आणि क्यूएनएच अंदाजाने टाकला जातो. तो चुकला तर उंचीमापक चुकतो, दाबाच्या एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट. वर्गातला उपाय साधा: उंची शेकडा फुटांत धरून ‘एस १०, बी २५’ इतकंच लिहायचं आणि सुटलेली जागा रिकामी सोडून पुढे जायचं. विमानात रेकॉर्डिंग पुन्हा फिरून येतंच. परीक्षेत किती वेळा ऐकवणार, ते मात्र आधीच विचारून घ्या.

तिसऱ्या रविवारी ‘टेम्पो’ आणि ‘नोसिग’ येतात. एपीएमसीच्या वाशीत टेम्पो म्हटलं की भाजीची गाडीच डोळ्यांसमोर येणार! इथे अर्थ असा की बदल तात्पुरता आहे, दर खेपेला तासाभराच्या आत ओसरणारा. नोसिग म्हणजे पुढच्या दोन तासांत लक्षणीय बदल अपेक्षित नाही. ‘कॅव्ह-ओके’ म्हणजे आकाश निरभ्र, असं सरधोपट सांगून इथे सोडून देत नाहीत. दृश्यमानता १० किलोमीटर किंवा जास्त, ५,००० फुटांखाली किंवा त्याहून वरच्या ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीखाली ढग नाही, गडगडाटी ढग तर कुठेच नाही आणि दखल घ्यावी असं हवामानही नाही, हे सगळं समजावतात.

आता खटकणाऱ्या गोष्टी. रेकॉर्डिंगमध्ये अमेरिकी विमानतळांची भेसळ आहे. तिथे क्यूएनएचऐवजी ‘अल्टिमीटर टू नायनर नायनर टू’ असं पाऱ्याच्या इंचांत येतं आणि दृश्यमानता मैलांत. ऐकवायला हरकत नाही, पण आधी सांगायला हवं. ते न सांगितल्याने नवखा मुलगा २९९२ हा हेक्टोपास्कलचा आकडा समजून गोंधळतो. शिवाय सगळे आवाज स्टुडिओतल्यासारखे स्वच्छ. खरखर नाही, मध्येच तुटणं नाही. दाट धुक्यातलं, आरव्हीआर (धावपट्टीवर किती लांबचं दिसतं ते) सांगणारं एकही रेकॉर्डिंग नाही, म्हणजे दिल्लीचा जानेवारी अभ्यासक्रमातून गायबच.

मोठी उणीव बोलण्याची. उतरवून घेतल्यावर परीक्षक विचारू शकतो की या हवामानात उतरताना काय अडचण येईल. तेव्हा तापमान आणि दवबिंदूत दोनच अंशांचा फरक आहे, हवा दमट आहे, दृश्यमानता आणखी घसरू शकते, हे साध्या इंग्रजी वाक्यांत मांडावं लागतं. चार रविवारांत यासाठी जेमतेम शेवटचा अर्धा तास मिळतो, तोही वीस जणांत वाटून.

आकडे निसटतात अशांनी खुशाल जावं. ज्यांना लिहिता येतं पण सांगता येत नाही, त्यांनी तेच पैसे समोरासमोर बोलण्याच्या सरावावर घालवावेत. जाणार असाल तर हेडफोन घरून न्या, तिथल्या निम्म्यांची एकच बाजू वाजते.