ओल्या कचऱ्याचा खताचा डबा, आठ महिने वापरल्यानंतर

जूनमध्ये घेतला होता, आता फेब्रुवारी संपत आला. ऑगस्टमध्ये लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या, म्हणून थांबलो. कंपनीचं नाव टाकत नाही, मातीचे तीन खण एकावर एक, खाली तोटी, सगळ्यांचे डबे साधारण सारखेच असतात.

आम्ही नाशिकला इंदिरानगरात, तिसरा मजला, घरात चार माणसं. पहिल्या आठवड्यात आईच्या काट्यावर मोजलं तर ओला कचरा रोज पाऊण ते एक किलो भरायचा, कांद्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा. घंटागाडीत जे टाकत होतो त्यातलं निम्म्याहून जास्त हेच होतं, हे तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग पाऊस लागला आणि वाट लागली. झाकण उघडलं की आंबूस वास, वर पांढऱ्या अळ्या, बाल्कनीत चिलटं. आई म्हणाली, "हे तू उचलतोस की मी खाली टाकू?" कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची पूड) वाढवा, म्हणजे अजून तीनशे रुपयांची पुडी. वाढवलं, फरक शून्य. मग वाचत बसल्यावर कळलं की भानगड कल्चरची नव्हतीच. खत नीट व्हायला नत्राच्या (नायट्रोजन) साधारण तीस पट कर्ब (कार्बन) लागतो, आणि स्वयंपाकघरातला कचरा नत्राने आणि पाण्याने भरलेला. हवा खेळत नाही, मग तो कुजत नाही, नासतो. त्याला कर्ब देणारं सुकं काहीतरी पाहिजे, पालापाचोळा, भुसा, नाहीतर फाडलेला पेपर. डब्यासोबत कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) जी वीट देतात ती महिन्यात संपते, हे मात्र जाहिरातीत कुठंच लिहिलेलं नाही.

पण पावसाळ्यात सुकी पानं आणायची कुठून? अंबडला एका सुताराकडून पोतंभर भुसा आणला, त्यावर दसऱ्यापर्यंत निभावलं. अळ्यांनाही मारायचं नसतं, त्या कचरा खाऊन कमीच करतात, पण हे आईला पटवायला वेळ लागला (अजून पूर्ण पटलेलं नाही).

आणि गंमत म्हणजे जानेवारीत आमच्या सोसायटीतल्या बदामाची पानं ढिगाने गळायला लागली तर वॉचमन काका ती रोज सकाळी गोळा करून कोपऱ्यात पेटवायचे. मी विकत भुसा आणतोय आणि खाली तेच जळतंय! उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार दंड, राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचं कोर्ट) 2016 मध्येच सांगितलेलं. काकांना म्हटलं जाळू नका, पोत्यात भरून ठेवा. आता चार पोती जिन्याखाली आहेत आणि दोन शेजारीण काकू पण पानं न्यायला लागल्यात.

ओलं, सुकं आणि घातक वेगळं करा, असं घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत सांगितलं होतं आणि ते बरोबरच आहे, प्लास्टिक मिसळलं की पुढे पाथर्डीच्या खतप्रकल्पावर चांगलं खत कसं निघणार. पण झाडांचा पाला आणि घरातला ओला कचरा यांना एकमेकांची गरज असते हे कोणी सांगत नाही. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी रस्ते आणि पूल यावर सगळे बोलतायत, वॉर्डावॉर्डात पाल्याची एखादी कोठी झाली तर तेवढ्याने पण बरंच काम होईल, असं आपलं मला वाटतं.

सध्या खत चाळीस-पंचेचाळीस दिवसांत होतं. पाच किलो घातलं तर किलोभर निघतं, काळं, पावसाच्या मातीसारखा वास. मूठ दाबली तर पाणी टपकायला नको, फक्त हात ओला व्हावा, हीच एक खूण लक्षात ठेवा. आता द्राक्षांचा सीझन, त्यामुळे सडके मणी घालताना पाला दुप्पट टाकतोय. लिंबाच्या साली बारीक चिरून टाकायच्या, नाहीतर तशाच निघतात. मोगरा तर असा फुटलाय की बघत राहावं.

घंटागाडीला आता तीन दिवसांनी एकदा पिशवी देतो, तीही हलकी. गाडीवरच्या ताईंनी परवा विचारलं, "गावाला गेला होतात का?"

साडेतीन हजार वसूल झाले म्हणेन. तोटी मात्र पहिल्या दिवसापासून गळते, दोनदा बदलून मागितली, दुसरीही गळते. खाली वाटी ठेवलीये, त्यातलं पाणी दहापट पातळ करून तुळशीला घालतो.