सांगोल्याच्या आमदारकीचा दर्जा : गणपतराव देशमुख

लोकप्रतिनिधित्व ही मतदारांना मिळणारी सेवा मानली, तर गणपतराव देशमुखांच्या सेवेचा दर्जा मला फार वरचा वाटतो. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर 1962 मध्ये ते सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यातून प्रथम निवडून आले आणि 1972 व 1995 चे पराभव पचवून, 2014 पर्यंत एकूण 11 वेळा विजयी झाले. मंत्रिपद 1978 मध्ये व पुन्हा 1999 मध्ये लाभले, पण त्यांचा बहुतेक काळ विरोधी बाकांवरच गेला. एसटीने प्रवास करणारा हा आमदार सामान्य माणसाला सहज भेटत असे. सेवेची ही बाजू मला सर्वांत मोलाची वाटते.

पाण्याच्या बाबतीत मात्र समाधान अपुरे राहते. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांचा हक्क वर्षानुवर्षे मांडला, तरी टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी लोकांना फार ताटकळावे लागले. अर्थात हा विलंब प्रामुख्याने राज्यकर्त्यांचा होता. सहकारी सूतगिरणीची त्यांनी केलेली उभारणी हे दुष्काळी भागासाठी भरीव काम होते. 2019 मध्ये ते निवडणुकीपासून दूर राहिले आणि 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.