औषधी खुराक की साधा खुराक: दूध तोडलेल्या पिल्लांना काय घालावं?

डुकराची पिल्लं आईपासून तोडली की पुढचे काही दिवस हगवणीचे. इथेच दोन वाटा फुटतात. एक, खाद्यात आधीपासूनच सीटीसीची पावडर, म्हणजे क्लोरटेट्रासायक्लिन हे टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक, कालवायची. दुसरी, खुराक साधाच ठेवायचा आणि पिल्लू खरंच आजारी पडलं तरच डॉक्टरांना बोलवायचं. मोहोळच्या बाजूला आमचं शेड आहे, तिथे दोन्ही करून झालंय. मका, सोयापेंड, गव्हाचा भुसा दोन्हीकडे तोच, म्हणून त्यात शिरत नाही.

पावडरीचं जे आहे ते मान्य करायला हवं. पिल्लं लवकर तोडता येतात, मादी लवकर माजावर येते, रात्री झोप लागते. साध्या खुराकात पिल्लं दीडेक महिना आईजवळ ठेवावी लागतात, कप्पे रोज धुवावे लागतात, आणि उजनी धरण मायनसमध्ये गेलं की धुण्याचं पाणी टँकरचं. वजनही थोडं मागे राहतं असं मला वाटतं. काटा लावून पाहिलेलं नाही. व्यापारी डोळ्यांनी जोखतो, मीही तसंच. इथवर पावडरच पुढे.

माझं गणित फिरलं ते कालवण्याच्या खोलीत. पावडर भुशात फावड्याने घोळायची, वर पत्रा, बाहेर पारा 42 वर. पंखा लावला तर सगळं उडतं, बंद केला तर माणूस शिजतो. शेडवरचे मामा तोंडाला फडकं बांधायला तयार नाहीत. "मालक, दम कोंडतोय बघा." घोळून झालं की मामांच्या मिशीवर, कानाच्या पाळीवर पिवळट थर, आणि नाक शिंकरलं की रुमालावरही तोच रंग. हे दर खेपेला. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं, ते नाक नाही.

कारण औषधाला न जुमानणाऱ्या ज्या जंतूची मला भीती आहे, तो राहतो नाकातच. नेदरलँड्समध्ये 2004 साली शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत सहा महिन्यांच्या एका मुलीत एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जंतू, सापडला. घर डुक्करपालकाचं. शोध घेतला तर तोच जंतू घरच्यांत आणि डुकरांतही. पुढे तो सीसी398 म्हणून ओळखला गेला. मेथिसिलिनला तो दाद देत नाहीच, पण टेट्रासायक्लिनलाही जवळजवळ कधीच देत नाही. म्हणजे आपण सीटीसी खाऊ घातली की बाकीचे जंतू मरतात आणि याला मोकळं रान मिळतं. मेथिसिलिनच्या गटातलं औषध शेडमध्ये कधी आलं नसलं तरी. 2012 मधल्या जनुकीय अभ्यासातून असं दिसलं की हा मूळचा माणसाचाच जंतू. डुकरांत गेला आणि तिथे या दोन्ही औषधांना निर्ढावला. जर्मनीत डुकरांच्या शेडमधली साठवलेली जुनी धूळ तपासली तेव्हा तिच्यात टेट्रासायक्लिनसारखी औषधंही निघाली. तासभर शेड बघून गेलेल्याच्या नाकातून हा जंतू बहुधा लवकर निघून जातो. रोज डुकरांत असलेल्याच्या नाकात तो मुक्काम ठोकतो.

अर्थात नाकात जंतू असला म्हणून माणूस आजारी पडतोच असं नाही. बहुतेकांना पत्ताही लागत नाही. पण तारेने हात फाटला, गळू झालं, ऑपरेशन निघालं, की नेहमीचं औषध चालत नाही.

कुणी झिंक ऑक्साइडची तिसरी वाट सुचवेल. हगवण थांबते खरी, पण जस्ताला न जुमानणारं जनुक याच एमआरएसएमध्ये सापडतं, आणि औषधी मात्रेतलं झिंक युरोपीय संघाने जून 2022 पासून बंद केलं. वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं तर तिथे 2006 पासूनच बंद. नेदरलँड्सने त्यानंतर जनावरांवरचा एकूण वापरही निम्म्याहून खाली आणला, डुक्करपालन चालूच आहे. आपल्याकडे जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक देण्यावर 2019 मध्ये बंदी आली, त्यामुळे जुनं पाकीट कुणी खपवायला आणलं तर घेऊ नका.

माद्या कमी असतील, घरचं बोअर आटत नसेल, तर मी साध्या खुराकाकडेच झुकेन. स्वाइन फीव्हरची लस वेळेवर आणि पिल्लं उशिरा तोडणं, एवढं सांभाळलं की बरंच निभावतं. पाणीच नसेल आणि पिल्लांचा लोंढा असेल तर पावडर घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ठरलेल्या दिवसांपुरती, आणि तयार गोळीखाद्यातून घ्या, घरी घोळू नका. विक्रीआधी किती दिवस बंद करायची ते पाकिटावर वाचा. आणि शेडवरच्या कुणाला गळू झालं तर डुकरांत काम करतो हे दवाखान्यात आधी सांगा. नेदरलँड्समध्ये ते भरती करतानाच विचारतात.